चाळीस जणांच्या कारखान्याने प्रशिक्षणाचा खर्च कसा उभा करावा

वाचकाचे पत्र (संक्षेपाने)

गोकुळ शिरगाव औद्योगिक वसाहतीत आमचे मशीन शॉप आहे. फौंड्रीतून आलेल्या कास्टिंगचे मशीनिंग करून आम्ही वाहन उद्योगाला सुटे भाग पुरवतो. सासऱ्यांनी सुरू केलेला हा व्यवसाय आता माझ्या नावावर आहे. आमच्या हजेरीपटावर २६ कामगार आहेत आणि आणखी १४ जण कंत्राटदारामार्फत येतात. कर्ज काढून दोन नव्या व्हीएमसी (संगणकनियंत्रित मशीनिंग यंत्रे) घेतल्या. परंतु जुने ऑपरेटर हाताने कितीही तयार असले, तरी ड्रॉइंगवरील भौमितिक टॉलरन्स (आकारात किती फरक चालेल याच्या खुणा) वाचणे, ऑफसेट (टूलच्या जागेची मशीनमधील दुरुस्ती) स्वतः सुधारणे आणि मोजमापांची नोंद ठेवणे यांत ते कमी पडतात. आमच्या मोठ्या ग्राहकाने ऑडिटमध्ये नेमके हेच दोष दाखवले आहेत. पुण्यातील एका संस्थेने १५ जणांच्या तीन दिवसांच्या प्रशिक्षणासाठी १,८०,००० रुपये अधिक जीएसटी असा दर दिला आहे. दरम्यान एका सल्लागाराचा फोन आला की, प्रशिक्षणासाठी सरकारकडून ५ लाखांचे अनुदान मिळवून देतो, फाइलचे ३५,००० रुपये आधी भरा. घरच्यांचे म्हणणे असे की, शिकवलेली मुले चाकणला निघून जातात, मग हा खर्च करायचाच कशाला? आम्हाला खरोखर कुठून मदत मिळू शकेल?

— एक उद्योजिका, कोल्हापूर जिल्हा

उत्तर

सल्लागाराविषयी आधी लिहिणे भाग आहे, कारण तो निर्णय आपल्याला बहुधा याच आठवड्यात घ्यावा लागेल. ते ३५,००० रुपये देऊ नका. त्या गृहस्थांना एवढेच विचारा की योजनेचे नाव काय, ती कोणत्या खात्याची आहे आणि तिच्या शासन निर्णयाची तारीख व संकेतांक कोणता. महाराष्ट्र शासनाचे निर्णय संकेतांकासह शासनाच्या संकेतस्थळावर प्रसिद्ध होतात, ते कोणालाही वाचता येतात, आणि त्यातील भाषा कळली नाही तर जिल्हा उद्योग केंद्रात जाऊन विचारता येते. उद्यम नोंदणीला, म्हणजे लघुउद्योगांच्या केंद्र सरकारकडील नोंदणीला, शुल्क नाही आणि शिकाऊ उमेदवारांच्या केंद्रीय पोर्टलवर आस्थापनेची नोंदणी करण्यालाही शुल्क नाही. अर्ज भरणे, कागद जमवणे या कामासाठी आपल्या नेहमीच्या सीएंना किंवा कामगार कायद्यांचे काम पाहणाऱ्यांना योग्य मेहनताना देणे वेगळे, आणि योजनेचे नावही न सांगणाऱ्याला मंजुरीच्या आशेवर आगाऊ रक्कम देणे वेगळे.

त्या फोनमुळे आपल्या मनात जे चित्र तयार झाले आहे, ते बदलणे मला अधिक महत्त्वाचे वाटते. प्रशिक्षणाचा खर्च म्हणून कारखान्याच्या खात्यात एक मोठी रक्कम जमा होईल, या अपेक्षेने शोध घेतलात तर हाती फारसे काही लागणार नाही. आपल्याकडे हा पैसा तुकड्यातुकड्यांनी आणि बहुतेक वेळा रोख न दिसता येतो. कुठे नव्या मुलाच्या विद्यावेतनाचा काही भाग सरकार उचलते, कुठे कारखान्यात येऊन शिकवणाऱ्या सल्लागाराची फी भरली जाते, कुठे परीक्षा आणि प्रमाणपत्राचा खर्च माफ असतो, तर कुठे यंत्र विकणारा किंवा माल घेणारा स्वतःच्या हितासाठी आपल्या माणसांना शिकवतो. म्हणून आधी योजना शोधण्याऐवजी आपली गरज फोडून पाहावी आणि तिच्या प्रत्येक भागाचा खर्च कोण उचलू शकेल ते ठरवावे, असा माझा आग्रह आहे.

पुण्याच्या संस्थेने १५ जणांना तीन दिवस एकत्र बसवण्याचा प्रस्ताव दिला आहे. १८ टक्के जीएसटी धरून तो २,१२,४०० रुपयांवर जातो; नियमित नोंदणी असलेल्या उद्योगाला यातील कराचा परतावा सर्वसाधारणपणे इनपुट क्रेडिट म्हणून मिळतो, हे सीएंकडून पक्के करून घ्या. पण त्या पंधरा जणांना खरोखर एकच गोष्ट शिकायची आहे का? ऑपरेटरला ड्रॉइंग वाचता यायला हवे आणि मायक्रोमीटर, बोअर गेज, डायल ही मोजमापाची साधने नीट हाताळता यायला हवीत. सेटरला, म्हणजे कामासाठी मशीन लावून देणाऱ्याला, प्रोग्रॅममधील बदल आणि ऑफसेट यांचे ज्ञान हवे. तपासणी विभागातील माणसाला मोजमाप यंत्रणेचे विश्लेषण आणि संख्याशास्त्रीय प्रक्रिया नियंत्रण समजायला हवे. हे तिघे एका वर्गात बसले की पहिला दिवस एकाला कंटाळवाणा जातो आणि तिसरा दिवस दुसऱ्याच्या डोक्यावरून जातो. एका कागदावर उभ्या रांगेत माणसांची नावे आणि आडव्या रांगेत कौशल्ये असा तक्ता करा व प्रत्येक चौकटीत आज तो माणूस कुठे आहे ते प्रामाणिकपणे लिहा. आयएसओ ९००१ मध्ये कामगारांच्या सक्षमतेचा पुरावा ठेवण्याची अट असल्यामुळे ग्राहकाच्या ऑडिटलाही हाच तक्ता लागतो. माझा अंदाज आहे की तक्ता झाल्यावर पैसे देऊन बाहेरून शिकवून घेण्यासारखी माणसे पंधराच्या निम्मीही उरणार नाहीत.

आता शिकाऊ उमेदवारांचा विषय. तो आपल्याला वाटतो त्याहून आपल्या जवळचा आहे. आपल्या हजेरीपटावर २६ जण असल्यामुळे शिकाऊ उमेदवार घेणे आपल्यावर बंधनकारक नाही, असा आपला समज असू शकतो. पण १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखालील नियमांत २०१९ मध्ये झालेल्या बदलांनुसार ३० किंवा अधिक मनुष्यबळ असलेल्या आस्थापनेला हे बंधन लागू होते आणि त्या मोजणीत कंत्राटी कामगारही धरले जातात. आपली एकूण संख्या ४० आहे. एकूण मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के या मर्यादेत उमेदवार घ्यावयाचे असतात, म्हणजे आपल्याला किमान एक आणि जास्तीत जास्त सहा. बंधन न पाळल्यास कमी पडलेल्या प्रत्येक उमेदवारामागे पहिले तीन महिने दरमहा ५०० रुपये आणि त्यानंतर दरमहा १,००० रुपये दंडाची तरतूद आहे. आपल्या परिस्थितीत मी तर याकडे दंड टाळण्याची वाट म्हणून पाहणारच नाही. नवी माणसे घडवण्याची सर्वांत स्वस्त आणि सर्वांत सरळ वाट हीच आहे.

तिचा आर्थिक हिशेब असा आहे. राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत, जिला सगळे नॅप्स म्हणतात, उमेदवाराच्या विहित किमान विद्यावेतनाच्या २५ टक्के, पण दरमहा जास्तीत जास्त १,५०० रुपये, केंद्र सरकार देते. पूर्वी ही रक्कम मालकाने आधी भरून नंतर मागायची असे. २०२३ पासून सरकारचा वाटा थेट उमेदवाराच्या बँक खात्यात जमा होतो आणि आपण आपला वाटा भरतो. २०१९ च्या नियमांत शिक्षणानुसार किमान विद्यावेतन ५,००० ते ९,००० रुपये होते. ते ३६ टक्क्यांनी वाढवण्याची शिफारस केंद्रीय शिकाऊ परिषदेने मे २०२५ मध्ये केली आहे, त्यामुळे करार करताना पोर्टलवरील त्या दिवशीचा दर पाहूनच आकडा लिहा. कायद्याप्रमाणे नोंदवलेल्या उमेदवाराला भविष्य निर्वाह निधी (पीएफ) आणि ईएसआय (कामगार राज्य विमा) लागू होत नाही, हा आपला आणखी एक खर्च वाचतो. पण त्याची सुरक्षितता आणि आरोग्य यांची जबाबदारी मात्र पूर्णपणे आपली असते आणि कामावर इजा झाल्यास भरपाईही आपल्यालाच द्यावी लागते. हा मुद्दा मी मुद्दाम अधोरेखित करते, कारण शिकाऊ मुलाला स्वस्त मजूर समजून रात्रपाळीत एकट्याने मशीनवर उभे करण्याची पद्धत आपल्या वसाहतींमध्ये अगदीच अपरिचित नाही. शिक्षणाशी संबंध नसलेले काम उमेदवाराला देणे हा त्याच कायद्याखाली गुन्हा आहे, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे ज्या मुलाला वर्षभर फक्त धातूच्या कडांची बर काढायला आणि माल उचलायला लावले, तो वर्षाच्या शेवटी आपल्या काहीच उपयोगाचा नसतो.

प्रत्यक्षात काय करावे, तर कोल्हापूरच्या शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत जाऊन प्राचार्यांना आणि शिकाऊ उमेदवारीचे काम पाहणाऱ्या कार्यालयाला भेटावे. मशिनिस्ट, टर्नर किंवा फिटर हे व्यवसाय पूर्ण केलेल्या मुलांना आपल्याकडे घेता येते. करार पोर्टलवर नोंदवला जातो आणि शेवटी परीक्षा होऊन राष्ट्रीय प्रमाणपत्र मिळते. भेटीला जाताना नुसती मागणी नेऊ नका. आपल्याकडील व्हीएमसी आठवड्यातून काही तास संस्थेच्या विद्यार्थ्यांना पाहायला खुली ठेवण्याची तयारी दाखवली, तर कोणती मुले चांगली आहेत हे निदेशक आपल्याला आपणहून सांगतील.

तपासणी विभागासाठी पदविकाधारक मुलगा किंवा मुलगी हवी असेल, तर मार्ग वेगळा आहे. अभियांत्रिकी पदविका आणि पदवीधारकांसाठी शिक्षण मंत्रालयाची नॅट्स ही योजना असून पश्चिम विभागाचे काम मुंबईतील शिकाऊ प्रशिक्षण मंडळ पाहते. तिच्यात किमान विद्यावेतनाचा निम्मा वाटा केंद्र सरकार उचलते. मोजमापांच्या नोंदी, आलेख, ग्राहकाला पाठवायची कागदपत्रे हे काम अशा एका चांगल्या पदविकाधारकाकडे दिले, तर ग्राहकाने दाखवलेल्या दोषांपैकी नोंदींचा दोष सर्वांत आधी दूर होईल. याशिवाय राज्य शासनाने २०२४ मध्ये सुरू केलेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावी उत्तीर्णांना ६,०००, आयटीआय व पदविकाधारकांना ८,००० आणि पदवीधरांना १०,००० रुपये दरमहा विद्यावेतन शासन थेट देते. सुरुवातीला ठरवलेला कालावधी सहा महिन्यांचा होता. आस्थापना किमान तीन वर्षे जुनी असण्याची अट आपण सहज पूर्ण करता. ही योजना सध्या कोणत्या अटींवर आणि किती जागांसाठी खुली आहे, हे जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्रात विचारा. एकाच मुलाचे नाव दोन योजनांत लावण्याचा मोह मात्र कोणी सुचवला तरी टाळा.

येथपर्यंत जे लिहिले ते नव्या माणसांविषयी. आपल्या पत्रातील खरी काळजी जुन्या माणसांची आहे आणि तेथे सरकारी मदत कमी व आडवळणाची आहे, हे मान्य केले पाहिजे.

कोल्हापूरच्या कारखानदारीत एक मोठी पिढी अशी आहे की, जी मिस्त्रीच्या हाताखाली शिकली, जिच्या हातात आवाजावरून टूल झिजल्याचे ओळखण्याइतके कसब आहे, पण जिच्याकडे एकही कागद नाही. अशा कामगारांसाठी पूर्वज्ञानाच्या मान्यतेची, म्हणजे आरपीएलची, सोय प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत आहे. माणसाचे आजचे कौशल्य तपासायचे, थोड्या तासांची उजळणी द्यायची, मूल्यांकन करायचे आणि उत्तीर्ण झाल्यास राष्ट्रीय दर्जाचे प्रमाणपत्र द्यायचे, असे तिचे स्वरूप आहे. कामगाराला त्यासाठी पैसे भरावे लागत नाहीत. सीएनसी आणि व्हीएमसी ऑपरेटरच्या भूमिकांसाठीचे निकष भांडवली वस्तू क्षेत्राच्या कौशल्य परिषदेने ठरवलेले आहेत. मूल्यांकन कारखान्यातच व्हावे यासाठी पुरेशी संख्या लागते, त्यामुळे शेजारच्या दोन-तीन कारखान्यांना सोबत घ्या. या प्रमाणपत्राने भौमितिक टॉलरन्स शिकून होत नाही, ही त्याची मर्यादा आहे. पण वीस वर्षे मशीनवर घालवलेल्या माणसाला पहिल्यांदा आपल्या कामाचा कागद मिळतो, तेव्हा तो पुढच्या शिक्षणाला नकार देत नाही, आणि हा फायदा कमी लेखू नये. कौशल्य भारत कार्यक्रमाला, ज्यात ही योजना आणि नॅप्स दोन्ही येतात, केंद्रीय मंत्रिमंडळाने फेब्रुवारी २०२५ मध्ये ३१ मार्च २०२६ पर्यंतची मुदत दिली होती. म्हणून अर्जाच्या वेळी पोर्टलवरील चालू सूचना अवश्य वाचा.

जुन्या माणसांच्या शिक्षणासाठी सर्वांत उपयोगी सरकारी पैसा ज्या योजनेत आहे, तिच्या नावात प्रशिक्षण हा शब्दच नाही, आणि म्हणूनच बहुतेक लघुउद्योजकांच्या नजरेतून तो सुटतो. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग मंत्रालयाने मार्च २०२३ मध्ये नव्या रूपात सुरू केलेली लीन योजना पाहा. ती प्राथमिक, मध्यम आणि प्रगत अशा तीन टप्प्यांची आहे. मान्यताप्राप्त सल्लागार कारखान्यात येतो आणि फाइव्ह एस (कामाच्या जागेची शिस्त), कायझेन (सतत लहान सुधारणा), सेटिंगचा वेळ कमी करणे, चूक होऊच नये अशी योजना करणे या गोष्टी आपल्याच माणसांकडून आपल्याच मशीनवर करून घेतो. त्याच्या शुल्काचा ९० टक्के भाग केंद्र सरकार उचलते. महिलांच्या मालकीच्या उद्योगांना आणखी ५ टक्क्यांची सवलत आहे. म्हणजे ज्या कामासाठी आपण दोन लाखांचा विचार करत आहात, त्यातील बराच भाग येथे अगदी थोड्या खर्चात होण्यासारखा आहे, आणि माझ्या मते मशीनसमोर उभे राहून शिकवलेले हॉटेलच्या सभागृहात पडद्यावर दाखवलेल्यापेक्षा कितीतरी अधिक टिकते.

तिच्याच जोडीची झेड (दोषविरहित आणि पर्यावरणाला अपाय न करणारे उत्पादन) प्रमाणन योजना आहे. कांस्य, रौप्य आणि सुवर्ण अशा तिच्या पातळ्या आहेत. प्रमाणन शुल्कावर सूक्ष्म उद्योगांना ८० टक्के, लघुउद्योगांना ६० टक्के आणि मध्यम उद्योगांना ५० टक्के सवलत असून महिलांच्या मालकीच्या उद्योगांसाठी हे शुल्क पूर्ण माफ करण्याचा निर्णय २०२३ मध्ये झाला. यासाठी आपले उद्यम प्रमाणपत्र आज काढून वाचा. व्यवसाय आपल्या नावावर झाला असला, तरी उद्यम नोंदणीत अजून सासऱ्यांचेच नाव किंवा जुनी वर्गवारी असल्याची उदाहरणे बरीच आढळतात. नोंदणीत महिला उद्योजक अशी नोंद नसेल तर या सवलती मिळणार नाहीत. वर्गवारीही तपासा, कारण १ एप्रिल २०२५ पासून मर्यादा वाढल्या आहेत: यंत्रसामग्रीतील गुंतवणूक अडीच कोटी आणि उलाढाल १० कोटींपर्यंत असलेला उद्योग आता सूक्ष्म गणला जातो. दोन व्हीएमसी घेतल्यानंतरही आपण कदाचित सूक्ष्मच असाल. आपल्या ओळखीत कोणी अनुसूचित जाती-जमातीचे उद्योजक असतील, तर त्यांच्यासाठी राष्ट्रीय एससी-एसटी हबच्या स्वतंत्र आणि अधिक उदार सवलती आहेत, हेही त्यांना जरूर सांगा.

सेटर मंडळींसाठी मात्र वर्गातील पद्धतशीर शिक्षण हवेच. छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाणा औद्योगिक वसाहतीतील इंडो-जर्मन टूल रूम ही केंद्र सरकारची संस्था सीएनसी प्रोग्रॅमिंग, कॅड-कॅम आणि टूल डिझाइनचे लहान मुदतीचे अभ्यासक्रम चालवते. तिच्या शुल्काची पुण्याच्या प्रस्तावाशी तुलना करा, पण पंधरा जणांची न करता दोन किंवा तीन जणांची करा. जे दोघे शिकून येतील, त्यांनी परतल्यावर उरलेल्यांना शिकवायचे, असे जाण्यापूर्वीच ठरवून घ्या आणि त्या शिकवण्याच्या तासांचा वेगळा भत्ता त्यांना द्या.

यानंतर जे मार्ग आहेत, त्यांत सरकारचा संबंध नाही आणि अर्जही नाही. आपण दोन व्हीएमसी घेतल्या, तेव्हा करारात प्रशिक्षणाचे किती दिवस होते ते काढून पाहा. बहुतेक यंत्रनिर्माते यंत्र बसवताना घाईत दोन दिवस शिकवतात, तेव्हा ऑपरेटरला काय विचारावे हेही कळत नसते. सहा महिन्यांनी पुन्हा माणूस पाठवा, अशी लेखी मागणी केली तर ते क्वचितच नाकारतात, कारण पुढचे यंत्र त्यांना आपल्यालाच विकायचे असते. इन्सर्ट आणि कटिंग टूल पुरवणाऱ्या कंपन्यांचे तांत्रिक अभियंते कारखान्यात येऊन फीड, स्पीड आणि टूल आयुष्य यांविषयी विनामूल्य समजावतात. मोजमाप उपकरणे विकणारेही तसेच करतात. आणि ज्या ग्राहकाने ऑडिटमध्ये दोष काढले, त्याच्या पुरवठादार-गुणवत्ता विभागाला सरळ पत्र लिहा की, आमच्या दोन तपासनीसांना आपल्या प्रशिक्षण केंद्रात आठवडाभर बसू द्या. मोठ्या वाहन कंपन्यांकडे कामगारांना शिकवण्यासाठी डोजो, म्हणजे सरावाच्या जागा, असतात. दोष दाखवणाऱ्याकडेच शिकवण्याची विनंती करण्यात कमीपणा नाही. उलट आपण सुधारणेबाबत गंभीर आहात, याची नोंद तेथे होते. ग्राहकाच्या सीएसआर (सामाजिक जबाबदारीच्या) निधीतून मात्र काही मिळेल अशी आशा धरू नका. कंपनी कायद्यात व्यवसाय कौशल्यांचा समावेश सीएसआरमध्ये असला, तरी तो समाजासाठीचा निधी आहे. व्यवसायाच्या नेहमीच्या गरजा त्यातून भागवणे त्यात बसत नाही.

तरीही बाहेरच्या प्रशिक्षकाची गरज उरलीच, तर ती एकट्याने भागवू नका. गोशिमा किंवा शिरोलीची स्मॅक यांसारख्या उद्योजक संघटनांमध्ये हाच प्रश्न असलेले आणखी तीन कारखाने आपल्याला सहज भेटतील. पुण्याच्या संस्थेचा दर माणशी नसून तुकडीचा असेल, तर प्रत्येकाने तीन-चार जण पाठवून एक तुकडी करावी, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला साधारण खर्चाचा चौथा हिस्सा येतो आणि कोणाचीच पूर्ण शिफ्ट बंद पडत नाही. स्पर्धक कारखान्याचे लोक आपल्या माणसांशेजारी बसतील, ही भीती मनात येईल. पण ते सगळे रोज संध्याकाळी एकाच चहाच्या गाडीवर भेटतात आणि एकमेकांचे पगार त्यांना आधीपासून ठाऊक असतात. मुंबईत साकीनाका येथील एमएसएमई विकास व सुविधा कार्यालय उद्योजकता व कौशल्य विकासाचे कार्यक्रम घेते. संघटनेने पुढाकार घेतला तर असा कार्यक्रम कोल्हापुरात मागवता येतो, आणि ही मागणी एका कारखान्याऐवजी संघटनेच्या नावाने गेली की तिचा विचार अधिक लवकर होतो.

कर आणि भरतीच्या सवलतींबद्दल थोडक्यात. कामगारांच्या प्रशिक्षणावरील खर्च हा व्यवसायाचा खर्च म्हणून उत्पन्नातून वजा होतो, त्यामुळे पावत्या, उपस्थितीपत्रक आणि अभ्यासक्रमाची रूपरेषा जपून ठेवा. अधिसूचित कौशल्य प्रकल्पांवर कंपन्यांना दीडपट वजावट मिळत असे. ती वाढीव सवलत १ एप्रिल २०२० पासून राहिलेली नाही, तरी काही लोक अजून तिचे आमिष दाखवतात. शिकाऊ उमेदवारी पूर्ण केलेल्या मुलांना आपण पुढे कायम केलेत, तर प्रधानमंत्री विकसित भारत रोजगार योजनेचा विचार करा. १ ऑगस्ट २०२५ ते ३१ जुलै २०२७ या काळात निर्माण झालेल्या नोकऱ्यांसाठी ती आहे. ५० पेक्षा कमी कर्मचारी असलेल्या मालकाने किमान दोन जादा माणसे घेऊन ती सहा महिने टिकवली, तर प्रत्येक जादा माणसामागे पगारानुसार दरमहा ३,००० रुपयांपर्यंत प्रोत्साहन दोन वर्षे मिळते आणि उत्पादन क्षेत्रासाठी ते तिसऱ्या व चौथ्या वर्षीही चालू राहते. पहिल्यांदाच पीएफमध्ये आलेल्या त्या मुलालाही दोन हप्त्यांत १५,००० रुपयांपर्यंत मिळतात. हा प्रशिक्षणाचा पैसा नव्हे, पण नवीन माणूस पूर्ण क्षमतेने काम करू लागेपर्यंत जो तोटा आपण सोसता, तो यातून बऱ्याच अंशी भरून निघतो. पीएफचे मासिक विवरण वेळेवर भरले जात आहे ना, याकडे लक्ष ठेवा.

एवढे सगळे केल्यावरही एक खर्च असा आहे की जो कोणीही उचलणार नाही, आणि तो म्हणजे शिकण्याचे तास. १५ जण तीन दिवस मशीनपासून दूर राहिले की त्यांचा पगार चालू राहतो, व्हीएमसीचा हप्ता चालू राहतो आणि माल मात्र निघत नाही. आपल्या मशीनच्या तासाच्या दराने हा हिशेब करून पाहा. तो आकडा संस्थेच्या फीच्या आसपास जाईल किंवा तिला मागे टाकेल. म्हणून माझे मत असे की सलग तीन दिवसांपेक्षा आठवड्यातून दोनदा, शिफ्ट बदलण्याच्या वेळी एकेक तास असे शिक्षण ठेवावे, आणि तो तास कामाचाच धरून त्याचे पैसे द्यावेत. कामगाराच्या स्वतःच्या वेळेत, बिनपगारी शिकवायला गेलात तर पहिल्या आठवड्यात सगळे येतील आणि चौथ्या आठवड्यात कोणी येणार नाही, आणि दोष त्यांचा नसेल. हा खर्च उचलताना रिजेक्शनचा मासिक आकडा शेजारी ठेवा. वाया गेलेल्या प्रत्येक कास्टिंगमध्ये आपली वीज, टूल आणि मशीनचा वेळ गेलेला असतो, आणि तो आकडा किती खाली आला हेच प्रशिक्षणाच्या परताव्याचे सर्वांत विश्वासार्ह माप आहे.

घरच्यांच्या आक्षेपाला मी हलके मानत नाही. मुले चाकणला जातात हे खरे आहे आणि काही पुढेही जातील. त्यावर उपाय म्हणून बाँड लिहून घेण्याचा सल्ला आपल्याला कोणी तरी देईलच. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या प्रकरणात तीन वर्षे सेवा न केल्यास २ लाख रुपये देण्याची अट वैध ठरवली, हे खरे. पण तो सरकारी बँकेतील अधिकाऱ्याचा विषय होता आणि नुकसानभरपाई वाजवी असावी हे तत्त्व करार कायद्यात कायम आहे. आपण एखाद्याच्या अभ्यासक्रमावर प्रत्यक्ष ३०,००० रुपये खर्च केलेत, तर वर्षभरात सोडून गेल्यास तेवढ्याच रकमेचा, महिन्यागणिक कमी होत जाणारा परतावा लिहून घेणे समजण्यासारखे आहे. मूळ प्रमाणपत्रे अडकवून ठेवणे किंवा शेवटचा पगार दाबून ठेवणे हे मात्र कधीही करू नका.

बाँडपेक्षा मला वेतनश्रेणीवर अधिक विश्वास आहे. कौशल्याच्या तक्त्यातील प्रत्येक पायरीला पगारातील वाढ जोडा आणि तो तक्ता दर्शनी भिंतीवर लावा: स्वतः ऑफसेट सुधारू लागला की इतकी वाढ, सेटिंग करू लागला की इतकी, दुसऱ्याला शिकवू लागला की इतकी. गोकुळ शिरगावच्या मुलाला चाकणचा पगार दिसतो, तसेच तेथील खोलीचे भाडे आणि मेसचा खर्चही दिसतो. घरी राहून पुढे जाण्याची लेखी खात्री असेल, तर दोन-तीन हजारांच्या फरकासाठी सगळेच जात नाहीत. कंत्राटदाराकडील १४ जणांपैकी ज्यांच्या हाताला वळण आहे, त्यांचाही या तक्त्यात समावेश करा, कारण आज तेच सर्वांत आधी सोडून जाणारे आहेत आणि ग्राहकाचा माल त्यांच्याही हातून जातो.

या महिन्यात उद्यम प्रमाणपत्र दुरुस्त करून लीन आणि झेड योजनांसाठी नोंदणी करा, यंत्रनिर्मात्याला व ग्राहकाला पत्रे पाठवा, आणि आयटीआयमध्ये जाऊन दोन उमेदवारांची मागणी नोंदवा. पुण्याच्या संस्थेला नकार कळवू नका. १५ जणांऐवजी चार कारखान्यांच्या एकत्रित तुकडीसाठी, केवळ भौमितिक टॉलरन्स आणि मोजमाप या दोन विषयांपुरता, आणि कोल्हापुरातच येऊन शिकवण्याचा सुधारित प्रस्ताव मागवा.